उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रयोगशाळेचे बंद दार

१९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्यांनी व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यातील शिक्षणविषयक मागणी आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांना देशात विज्ञान व तंत्रज्ञान शिकण्यासाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि हेच विषय परदेशी विद्यापीठांत शिकण्यासाठी वर्षाला एक लाख रुपये द्यावेत, अशी ती मागणी होती. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपला समाज पुढे जाणार नाही, उच्च विज्ञान आणि तंत्रज्ञान हाती आले पाहिजे, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. आज जिला आपण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो, तिचे मूळ तेथे आहे.

या शिष्यवृत्तीवर आपल्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. आज झोपडपट्टीतला, वाडीवस्तीवरचा मुलगा बी.एस्सी. होतो, इंजिनिअर होतो. परंतु एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, आपला हा मुलगा कोठे असतो?

प्रस्थापित घरातला त्याचा वर्गमित्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आयसरमध्ये किंवा बंगळुरूच्या एखाद्या संस्थेत दोन महिन्यांचा संशोधन प्रकल्प करीत असतो. आपला मुलगा लग्नाच्या पंगतीत वाढपी म्हणून उभा असतो, मेडिकलच्या दुकानात बसतो, नाहीतर बापाबरोबर सेंट्रिंगच्या कामावर जातो. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. कष्टाचीच ती भाकर आहे. पण जूनमध्ये दोघे पुन्हा एकाच बाकावर बसतात, तेव्हा ते सारखे राहिलेले नसतात.

उन्हाळी प्रकल्प म्हणजे नेमके काय? बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देत आल्या आहेत. निवड झालेल्या विद्यार्थ्याला एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते. प्रवासखर्च मिळतो, राहण्या-जेवण्यासाठी दरमहा रक्कम मिळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, पुण्याच्या आयुकाचा, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचा असे स्वतंत्र कार्यक्रम आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तर पदवीच्या मुलांसाठीच असा राष्ट्रीय उपक्रम चालविला. मानखुर्द-गोवंडी म्हणजे आपल्याच वस्त्या. त्या वस्त्यांतली किती मुले त्या फाटकातून आत गेली?

अशा प्रकल्पात मुलगा पहिले पंधरा दिवस शोधनिबंध वाचतो, यंत्र हाताळायला शिकतो. मग प्रयोग करतो आणि तो फसतो. आकडे जुळत नाहीत. वहीत सगळे लिहून ठेवून तो पुन्हा मांडणी करतो. शेवटी अहवाल लिहितो, चारचौघांसमोर मांडतो. पाठांतर करून गुण मिळविणे वेगळे आणि ज्याचे उत्तर पुस्तकात नाही अशा प्रश्नाला भिडणे वेगळे. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, गुरूच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पडताळा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. प्रयोगशाळा म्हणजे तोच उपदेश हाताने गिरविण्याची जागा आहे. शिवाय व्यवहाराची बाजूही आहे. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत, परदेशी विद्यापीठाच्या अर्जात पहिला प्रश्न असतो : आधी संशोधन काय केले? आणि सोबत शास्त्रज्ञाचे शिफारसपत्र लागते. ज्याने दोन उन्हाळे प्रयोगशाळेत काढले, त्याच्याकडे दोन्ही असते.

मग आपली मुले मागे का? पहिली अडचण माहितीची. अर्ज बहुधा हिवाळ्यात भरायचे असतात. आपल्या मुलाला ते मे महिन्यात कळते. दुसरी अडचण शिफारसपत्राची. प्राध्यापक ज्याला नावाने ओळखतो, ज्याच्या घरी जातो-येतो, त्याला भरभरून लिहून देतो. मागच्या बाकावरच्या मुलाला दोन ओळी खरडून देतो. येथे जात उघड बोलत नाही, पण काम करते. तिसरी अडचण इंग्रजीत स्वतःविषयी लिहिण्याची. चौथी पैशाची : विद्यावेतन हाती पडेपर्यंत पदरचे घालावे लागते, आणि घरी दोन महिन्यांची मजुरी बुडते.

दार ओलांडल्यावरही सगळे सुरळीत होते असे नाही. डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी वागणूक चव्हाट्यावर मांडली. २०१६ साली रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानलेखक व्हायचे होते. २०२३ साली पवईच्या आय.आय.टी.त दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गेला आणि तेच प्रश्न पुन्हा उभे राहिले. म्हणून मुलाला एकट्याला आत ढकलून भागत नाही, त्याच्या पाठीशी समाज उभा लागतो.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने आणखी एक भिंत उभी केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधन करायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. ज्याने काम करून शिक्षण घेतले, त्याला ६८ टक्के पडले तर त्याच्यात जिज्ञासा नाही असे समजायचे काय? गुणवत्तेच्या नावाने संधी मोजली जाते, हे आपण ओळखले पाहिजे.

दुसऱ्या देशातले एक उदाहरण पाहू. अमेरिकेत १९६३ साली बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय मुलांनी वर्णभेदाविरुद्ध मोर्चा काढला. त्यात फ्रीमन ह्राबोव्स्की नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. त्याला तुरुंगात टाकले गेले. हाच मुलगा पुढे गणितज्ञ झाला आणि १९८८ साली मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत त्याने दानशूर रॉबर्ट मेयरहॉफ यांच्या मदतीने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी विज्ञान शिष्यवृत्ती सुरू केली. त्यात नुसता पैसा नव्हता. पदवी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात पूर्वतयारी, एकत्र अभ्यास, वडीलधाऱ्यांचे मार्गदर्शन आणि पुढे उन्हाळ्यात प्रयोगशाळेतले संशोधन अशी ती रचना होती. त्यातून विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या कृष्णवर्णीयांची फळी उभी राहिली. मोर्चातून जन्मलेली चळवळ प्रयोगशाळेत पोहोचली ती अशी.

काहीजण म्हणतील, आधी नोकरी, मग संशोधन. पोटाचा प्रश्न खराच आहे. म्हणूनच विद्यावेतनाची मागणी केली पाहिजे. पैसे घेऊन इंटर्नशिपचे कागदी प्रमाणपत्र विकणाऱ्यांच्या नादी मात्र कोणी लागू नये. खऱ्या संशोधनवृत्तीत विद्यार्थी पैसे देत नाही, त्याला मिळतात.

शासनाकडे आपली मागणी स्पष्ट असावी. बार्टी पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देते, तीही मुलांना आझाद मैदानावर बसून मागावी लागली. त्याच धर्तीवर बी.एस्सी. आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती बार्टीने सुरू करावी, पहिला हप्ता आगाऊ द्यावा. समाजकल्याणची वसतिगृहे अशा मुलांसाठी सुट्टीतही उघडी ठेवावीत.

पण शासनाची वाट पाहत बसणे ही आपली रीत नव्हे. धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून महापरिनिर्वाण दिनापर्यंतचा काळ हाच अर्जांच्या तयारीचा काळ. त्या दिवसांत प्रत्येक विहारात या योजनांचा फलक लागावा. आपले प्राध्यापक, इंजिनिअर, निवृत्त अधिकारी यांनी रविवारी एक तास बसून मुलांचे अर्ज तपासावेत. पुणे, मुंबई, बंगळुरूला घर असलेल्यांनी दोन महिने एका मुलाला आसरा द्यावा. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च वाचवून गावातल्या एका मुलीचे तिकीट काढावे.

बाबासाहेबांनी १९४२ साली मागितलेले तीन लाख रुपये ही भीक नव्हती, प्रयोगशाळेवरच्या आपल्या हक्काचा तो दावा होता. तो दावा अजून पुरा व्हायचा आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीतून निदान एक मुलगा, एक मुलगी प्रयोगशाळेत गेली पाहिजे. त्याची तयारी आजच सुरू करू या.

जयभीम!