यंत्रमानवी शस्त्रक्रिया : खर्च आणि मोल

जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राम येथे बसलेल्या शल्यविशारदांनी, भारतीय बनावटीच्या ‘एसएसआय मंत्रा’ यंत्राद्वारे, २८६ किलोमीटर दूर असलेल्या जयपूरमधील रुग्णाच्या छातीतील धमनी विलग केली. शास्त्री नगरातील आपल्या ग्राहकांच्या दृष्टीने हे तंत्र आता अगदी शेजारी आले आहे. ते आरोग्यसेवेस परवडेल काय?

यंत्राची किंमत व देखभाल हा स्थिर खर्च होय. शस्त्रक्रिया वाढल्या, की तो दर रुग्णामागे घटतो. यंत्र पडून राहिल्यास बोजा ठरतो. शिवाय तुलना केवळ छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेशी करणे पुरेसे नाही. लहान छेद व अल्प मुक्काम हे लाभ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही मिळतात. फुफ्फुसाच्या कर्करोगावरील, कॅनडाप्रणीत ‘रावल’ चाचणीने (२०२३) नेमकी हीच तुलना केली. पूर्ण आरोग्याच्या एका वर्षाइतका जादा लाभ मिळविण्यास यंत्रामुळे सुमारे १५ हजार कॅनेडियन डॉलर अधिक लागतात, असे तीत आढळले. श्रीमंत देशास हा सौदा रास्त वाटेल. आपल्याकडील निर्णय मात्र आपल्याच आकड्यांवर व्हावा.

ग्राहकांनीही एक दक्षता घ्यावी. आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया समाविष्ट असली, तरी तिच्या रकमेवर उपमर्यादा असू शकते. ती आधीच तपासून घेणे हिताचे.