हार्लेम दिसले, रतनपूर दिसले नाही!

गुजरातच्या भरूच जिल्ह्यात, झगडिया तालुक्यात रतनपूरची टेकडी आहे. टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. सिद्दी समाजाची धमाल पाहायला आम्ही तीन-चार कार्यकर्ते तेथे गेलो होतो. युनेस्कोने २०१९ साली २४ जानेवारी हा आफ्रिकी व आफ्रिकी वंशीयांच्या संस्कृतीचा जागतिक दिन ठरवला. त्या निमित्ताने शहरात भाषणे पुष्कळ ऐकली. म्हटले, भाषणे पुरे झाली, आता माणसांना भेटू.

पायांवर उभा राहणारा मुगरमान नावाचा मोठा ढोल, त्याच्या साथीला मुसिंडो हा लहान ढोल आणि धनुष्यासारखा मलुंगा. या नाचाला 'गोमा' असेही म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत 'न्गोमा' म्हणजे ढोल आणि नाचही. या लोकांचे पूर्वज गुलाम, सैनिक, खलाशी म्हणून या किनाऱ्यावर आले. त्यांची भाषा गेली, पण ढोल राहिला.

आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. दर्ग्यावर नवस बोलायला गेलो नव्हतो. शिवाय आमच्या बापजाद्यांच्या गळ्यातली हलगी गावकीने लादलेली होती. ती टाकून देण्यातच आमची मुक्ती होती. त्यामुळे ढोल ऐकला की आम्ही आधी विचारतो, हा कोणासाठी वाजतो? रतनपूरला उत्तर मिळाले. येथे तो पाटलाच्या दारात वाजत नव्हता. सिद्दी आपल्याच पूर्वजांसाठी वाजवत होते. मात्र हीच धमाल गीरच्या हॉटेलांत पर्यटकांसमोर होते, टाळ्या पडतात आणि पाहुणे जेवायला निघून जातात.

धमाल संपल्यावर एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. आमच्यात वकील आहे हे कळताच म्हणाला, "साहेब, राजकोटचा माझा मावसभाऊ आदिवासी आहे. मी का नाही?"

प्रश्न साधा आहे, उत्तर लाजिरवाणे आहे. गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींचे नाव आहे, पण ते राजकोट, जुनागढ अशा सौराष्ट्रातील जिल्ह्यांपुरतेच. भरूच त्यात नाही. रक्त तेच, ढोल तोच, दारिद्र्यही तेच. पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की जमात संपते! घटनेच्या कलम ३४२ नुसार ही यादी फक्त संसद बदलू शकते. न्यायालयालाही तीत एक शब्द घालता येत नाही. अशक्य मात्र काही नाही. कर्नाटकात २००३ साली उत्तर कन्नडच्या सिद्दींना या यादीत स्थान मिळाले. धारवाड आणि बेळगावच्या सिद्दींसाठी पुन्हा कायदा दुरुस्त व्हायला २०२० साल उजाडावे लागले. मग भरूचसाठी का नाही?

आता बोट स्वतःकडे वळवू. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून तेथील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली. याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण सातासमुद्रापलीकडचा हार्लेम ज्यांना दिसला, त्यांना शेजारच्या राज्यातले रतनपूर का दिसले नाही? बाबासाहेबांनी ज्या शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले, ते शहर खडकी या नावाने १६१० साली वसवले मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा हा माणूस. आणि आमच्याच घरांत काळ्या पोराला 'हबशी' म्हणून हिणवतात! वर्णव्यवस्थेचे विष आमच्याही पोटात मुरलेले आहे, हे कबूल करायला हवे.

जांबूरच्या सिद्दी समाजसेविका हिराबाई लोबी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आनंद झाला. पण एका व्यक्तीच्या सन्मानाने समाजाचा दाखला निघत नाही. वारसा साजरा करायचा तर तो वारसा जपणाऱ्यांचे हक्कही मागावे लागतील. आमच्या संघटनांनी पुढच्या अधिवेशनात एक ठराव भरूचच्या सिद्दींसाठी करावा आणि तो आपल्या खासदारांच्या हाती द्यावा.

निघताना त्या तरुणाला आम्ही "जयभीम" म्हटले. त्याने हात उंचावून "जयभीम" म्हटले. आता त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही द्यायचे आहे.