आधी काम पाहा, मग शाखा निवडा

इंजिनीअरिंगचा अर्ज भरायची वेळ आली की घरोघरी एकच यादी उघडली जाते, गेल्या वर्षीच्या कटऑफची. ज्या शाखेचं पर्सेंटाइल जास्त ती चांगली, असा सरळ हिशेब! म्हणून कॉम्प्युटर सगळ्यांत वर आणि सिव्हिल-मेकॅनिकल तळाला. पण कटऑफमधून कळते ती मागणी. पुढची तीस-चाळीस वर्षं रोज सकाळी उठून जे काम करायचं, ते कसलं असतं हे त्यातून कळत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मुलामुलींना तर ते काम पाहायला लांब जावंही लागत नाही.

पाण्याचा हिशेब

मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली, तेव्हा मोठा प्रश्न पाण्याचाच होता. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बांधीव नहरींतून गावात आणलं गेलं, तेही केवळ उताराच्या बळावर. उतार कमी पडला तर गाळ साचतो, जास्त झाला तर बांधकाम झिजतं. हेच गणित सिव्हिलचे विद्यार्थी आज हायड्रॉलिक्सच्या तासाला सोडवतात. पुढे 18व्या शतकात पाणचक्की उभी राहिली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येऊन उंच भिंतीवर चढतं आणि तिथून पडताना जातं फिरवतं. बारावीच्या पोरांनी पाठ केलेली स्थितिज आणि गतिज ऊर्जा तिथे डोळ्यांसमोर दिसते.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. सुमारे 10 किलोमीटर लांबीचं हे मातीचं धरण, त्याला 27 दरवाजे. संभाजीनगर धरणापेक्षा उंचावर असल्याने इथलं पाणी पंपांनी उपसून आणावं लागतं. म्हणजे जलवाहिनी सिव्हिलवाल्याची, पंप मेकॅनिकलवाल्याचा, मोटर आणि सबस्टेशन इलेक्ट्रिकलवाल्याचं, दाब आणि गळती मोजणारी यंत्रणा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याची. नळाला वर्षानुवर्षं दिवसाआड-आठवड्याआड पाणी पाहणाऱ्या शहराला, यातली एक कडी कच्ची राहिली तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

वाळूज ते बिडकीन

मराठवाड्यातल्या मुलांना इंजिनीअरिंगच्या पदवीसाठी पूर्वी हैदराबाद किंवा पुणे गाठावं लागे. 1960 मध्ये इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. 1982 मध्ये जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय आलं आणि मग खासगी महाविद्यालयांची रांगच लागली. कारखान्यांचा वेग वाढला तो 1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा प्रकल्प सुरू झाल्यावर. एक मोठा कारखाना आला की त्याच्यामागे सुटे भाग, डाय, कास्टिंग, प्लेटिंग करणारे शेकडो लहान कारखाने येतात. आज देशभर पसरलेली एन्ड्युरन्स ही सुटे भाग बनवणारी कंपनीही इथलीच. पुढे शेंद्र्यात स्कोडा आली, आणि आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही सुमारे 10 हजार एकरांची औद्योगिक नगरी आकार घेते आहे.

वाळूजच्या एखाद्या डाय-कास्टिंग शॉपमध्ये तासभर उभं राहिलं तरी शाखांमधल्या भिंती किती पातळ आहेत ते दिसतं. वितळलेलं ॲल्युमिनिअम डायमध्ये जातं, डायचं तापमान सेन्सर मोजतो, तयार भाग रोबोचा हात उचलतो आणि प्रत्येक भागाची नोंद संगणकात होते. इथे मेकॅनिकलच्या मुलाला थोडंफार कोडिंग यावं लागतं आणि कॉम्प्युटरच्या मुलीला धातू थंड होताना आकसतो हे माहीत असावं लागतं. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून डाय बनवायला शिकलेल्या मुलांना कारखानदार बोलावून घेतात, ते हाताला मायक्रॉनची सवय असते म्हणून.

तयारी कशाची?

इंजिनीअरिंग प्रवेशाची एमएचटी-सीईटी 200 गुणांची आहे. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे आणि 90 मिनिटांत. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून 100 प्रश्न, तेही 90 मिनिटांत. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा साधारण 20 टक्के, म्हणून बरेच जण अकरावी गुंडाळतात आणि पुढे पस्तावतात. कारण पहिल्या वर्षाचे एम-वन (गणिताचा पहिला विषय), मेकॅनिक्स आणि बेसिक इलेक्ट्रिकल हे विषय अकरावीच्या त्रिकोणमिती, सदिश आणि संमिश्र संख्यांवरच उभे असतात. एम-वनचा बॅकलॉग राहतो तो बहुतेकदा तिथूनच.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये. प्रयोगवहीतला एक प्रयोग रोज स्वतःच्या साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावा. सुट्टीत सायकलचं फ्रीव्हील किंवा बिघडलेला मिक्सर उघडून, परत जोडून पाहावा, प्लग काढूनच. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना कमी लेखू नका, वर्कशॉपमध्ये तेच पुढे असतात.

पैशाअभावी नाद सोडण्याआधी योजना पाहा. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेत 5 टक्के जादा जागा असतात आणि त्यांना शिक्षण शुल्क लागत नाही. मात्र जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअरची कागदपत्रं निकालाची वाट न पाहता आताच काढायला घ्या. हातातली जागा कागदासाठी जाते, तेव्हा पर्सेंटाइल उपयोगी पडत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत पाणचक्की आणि जायकवाडी नीट पाहून या. नात्यातले, ओळखीतले कुणी वाळूजला किंवा शेंद्र्याला कामाला असतील, तर त्यांच्याजवळ बसून विचारा, “काका, दिवसभर तुम्ही नेमकं काय करता?” सॉफ्टवेअरमधल्या ताईलाही हेच विचारा. ज्यांचं उत्तर ऐकून आणखी दहा प्रश्न विचारावेसे वाटतील, त्यांची शाखा अर्जात सगळ्यांत वर लिहा.