लेटनचा शेणखताचा हौद

वेल्समध्ये, वेल्शपूलजवळ लेटन नावाची इस्टेट आहे. लिव्हरपूलचे बँकर जॉन नेलर यांनी 1850च्या दशकात इथे शेतीच्या इमारती उभारल्या. गोल डुकरवाडा, मळणीची कोठारं, गोठे, सगळं विटांचं आणि ऐसपैस. मळणीयंत्रं पाण्याच्या टर्बाइनवर चालायची! पण खरी कमाल शेणाच्या पाण्याची. ते टेकडीवरच्या प्रचंड हौदात चढवायचं आणि तिथून नळांनी उताराने शेतात सोडायचं. पाण्याला वर चढायची सक्ती, उतरणं मात्र फुकट. पैसा पाण्यासारखा ओतला होता, हेही खरं. साध्या शेतकऱ्याला हे परवडणारं नव्हतंच. डुकरवाड्याचा फोटो जरूर शोधून बघा.