रॉय स्पेन्सर यांचं झाकोळलेलं काम

हवामानशास्त्रज्ञ रॉय स्पेन्सर हे नाव आज ओळखलं जातं ते वादामुळे. तापमानवाढीत माणसाचा वाटा किती, याबद्दलचं त्यांचं मत बहुसंख्य हवामानशास्त्रज्ञांना मान्य नाही, मलाही नाही. पण त्या गदारोळात त्यांचं पावसावरचं काम मागे पडलं, याची हळहळ वाटते.

१९८१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएच.डी. झालेल्या या संशोधकापुढे प्रश्न होता, जमिनीवरचा पाऊस उपग्रहातून ओळखायचा कसा? सूक्ष्मलहरींत समुद्र थंड दिसतो, म्हणून त्यावर पावसाचे थेंब उठून दिसतात. जमीन मुळातच उबदार. तिथे ते हरवतात. निंबस-७ उपग्रहाच्या ३७ गिगाहर्ट्झच्या नोंदींत मात्र स्पेन्सर आणि सहकाऱ्यांना गडगडाटी ढगांच्या जागी कमालीचे थंड डाग सापडले. ढगातले बर्फकण आणि गारा खालून येणारं प्रारण विखरून टाकतात, वर फारसं पोचूच देत नाहीत. १९८७ मध्ये एसएसएम/आय हे उपकरण अवकाशात गेलं आणि ८५ गिगाहर्ट्झवर ही खूण आणखी ठसठशीत झाली. तरी तळं किंवा खाडीही थंडच दिसते, मग फरक कसा करायचा? पाण्यावरून येणाऱ्या लहरींत उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणात मोठी तफावत असते, बर्फाने विखुरलेल्या लहरींत जेमतेम. १९८९ मध्ये त्यांनी याच तफावतीवरून पाणी वेगळं काढलं. इतकी नेमकी युक्ती मला या क्षेत्रात क्वचितच दिसली.

पुढच्याच वर्षी जॉन क्रिस्टींबरोबरचा ‘सायन्स’मधला लेख आला आणि प्रसिद्धी तिकडे वळली. त्यातली कल्पना अशी: ऑक्सिजनच्या सूक्ष्मलहरींवरून हवेच्या थरांचं तापमान काढायचं, तेही रोजच्या अंदाजासाठी सोडलेल्या उपग्रहांवरून. उपग्रहाची कक्षा हळूहळू खाली येते आणि आकडे खोटेच थंड होतात, हे १९९८ मध्ये वेंट्झ आणि शाबेल यांनी दाखवलं. २००५ मध्ये उपग्रहाच्या सरकत्या वेळेच्या हिशोबातली चूक निघाली. दोन्ही चुकांमुळे वाढ कमी दिसत होती. दुरुस्त्या झाल्या, आज स्पेन्सर-क्रिस्टींचीच तापमानाची मालिका दशकाला सुमारे ०.१५ अंश वाढ दाखवते.

पावसाच्या कामातली बर्फाची ती खूण मात्र पुढे टीआरएमएम उपग्रहाने वापरली, आपल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरचं ‘मद्रास’ उपकरणही तिच्यासाठी सज्ज होतं. मराठवाड्यावरचा वळवाचा ढग तिला चटकन सापडतो. सह्याद्रीला अडून कोसळणारा आषाढातला पाऊस मात्र अजून चकवतो: ढग बुटके, बर्फ थोडा आणि खाली धो धो.