मुरूम कोणत्या गटातला?

वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावाला महामार्ग काय किंवा शिवरस्ता काय, दोन्हींबद्दल एकच प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: भरावाचा मुरूम कोणत्या गटातून उचलला? उत्तर सरकारी दप्तरात असते. मुरमासारख्या गौण खनिजाच्या वाहतूक परवान्यावर खाणीचे ठिकाण, वाहनाचा क्रमांक, परिमाण, तारीख आणि वेळ नोंदलेली असते. ठेकेदाराने हे परवाने बिलाला जोडायचे असतात. ते नसतील तर बहुतेकदा रॉयल्टीची रक्कम बिलातून कापली जाते आणि फाईल पुढे सरकते. खरी गफलत इथेच आहे. माल कुठून आला, हा प्रश्न ब्रासमागे किती रुपये जमा झाले एवढ्यावर मिटतो. तिजोरीत पैसे येतात, पण गावाच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीवर खड्डा पडला असेल तर तो तसाच राहतो. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात सांगितले. मूळच नोंदले नाही, तर ही मंजुरी तपासायची कशाची?

यावर ठेकेदार म्हणतील, कागद वाढतील, काम रखडेल. पण नवा कागद कोण मागतो आहे? आहे तोच उघड करायचा आहे. व्यापारी गुपिताची सबबही टिकत नाही, कारण पैसा जनतेचा आहे. परवाना एका गटाचा आणि मुरूम दुसऱ्याच गटातला, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून मोजमाप पुस्तिकेतला भराव आणि खाणीतल्या खड्ड्याचे घनमाप ताडून पाहावे. दबाईमुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण दुपटीची तफावत लपणार नाही. हे जमते, याचा दाखला शेजारीच आहे. बुलढाणा पॅटर्नमध्ये तलाव आणि नाले खोल करून निघालेला मुरूम महामार्गाला वापरला गेला. तिथे मालाचे मूळ हाच योजनेचा गाभा होता, रस्ताही झाला आणि पाणीसाठाही वाढला.

माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार अशी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायला हवी. रस्त्याच्या फलकावर किंमत आणि ठेकेदाराचे नाव असते. किन्हीराजाच्या ग्रामसभेने पुढच्या कामाआधी ठराव करून त्याखाली आणखी दोन ओळी मागाव्यात: गट क्रमांक आणि ब्रास.