पोचट दाण्याची साक्ष

घरच्या मक्याची कणसं बियाण्यासाठी वाळत घातली, तर एका कणसात मधेमधे काही दाणे पार पोचट निघाले. हे पावसाने झालं की बीच खराब, असं एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्नाच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय, ‘शेजारचे दाणे मात्र टच्च भरलेले.’ अर्धं उत्तर तिथेच आहे.

पावसाने दिलेला दगा वेगळा दिसतो. मक्याच्या कणसातून लोंबणारा प्रत्येक केस एकेका दाण्याचा. पराग त्याच्यावर पडला तरच तो दाणा धरतो. बुडखाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे सगळ्यांत शेवटी. ऐन त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की शेंडा बोडका राहतो. पराग पोचलाच नाही तर दाण्याच्या जागी नुसती खाच. अळीने खाल्लेलं तर ओळखू येतंच. पण कणीसभर विखुरलेले, दोन धडधाकट शेजाऱ्यांमध्ये चेपून बसलेले, साल सुरकुतलेली आणि आत जवळपास काहीच नाही, असे दाणे दिसले तर संशय आनुवंशिकतेवर घ्यावा. त्या सगळ्यांना पाणी, खत, ऊन एकाच ताटाकडून मिळालेलं असतं. आई एक. वेगळी असतात ती ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेली जनुकं.

मेंडेलला वाटाण्याच्या शेंगा एकेक करून सोलाव्या लागल्या. मक्याचं एक कणीस म्हणजे चार-पाचशे भावंडं, शाळेच्या फोटोत बसवावीत तशी ओळीने बसलेली. दोषाचं जनुक सुप्तपणे बाळगणाऱ्या ताटाचा पराग त्याच ताटाच्या कणसावर टाकला, तर 400 दाण्यांमध्ये साधारण 100 पोचट निघतात. तीनास एक हे गुणोत्तर नुसत्या डोळ्यांनी मोजता येतं.

पण पोचट म्हणजे नेमकं कोण पोचट? एका दाण्यात तीन नातेवाईक राहतात. वरची साल सर्वस्वी आईची. खालच्या टोकाशी भ्रूण, म्हणजे उद्याचं रोप. उरलेला सगळा पिठूळ भाग म्हणजे भ्रूणपोष, आणि तो भ्रूणाचं जुळं भावंड असतो. परागनलिकेतून दोन पुंयुग्मकं येतात. एक अंडपेशीशी जुळून भ्रूण घडवतं, दुसरं शेजारच्या पेशीतल्या दोन केंद्रकांना मिळून भ्रूणपोष. हे द्विफलन 1898 साली सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं. म्हणजे भ्रूणपोषात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. हे भावंड कधी उगवत नाही, त्याला फूल येत नाही, संतती होत नाही. धाकट्याच्या फीसाठी शाळा सोडून गिरणीत लागलेल्या थोरल्या भावासारखं ते साठवत राहतं, आणि धाकटा उगवला की संपून जातं. आपण मका खातो म्हणजे मुख्यतः या थोरल्याची कमाई खातो.

आता या घरात बिघाड झाला तर आजारी कोण, थोरला की धाकटा? की थोरला आजारी म्हणून धाकटा उपाशी? बाहेरून पाहिलं तर सगळे दाणे सारखेच पोचट.

हा प्रश्न नीट विचारायला बराच वेळ लागला. मका वाऱ्यावर फळतो. परक्या ताटाचा पराग येत राहिल्याने घरातले दोष झाकलेले राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पैदासकारांनी कणसांवर कागदी पिशव्या बांधून ताटांना स्वतःच्याच परागाने फळवायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या लपलेलं बाहेर आलं. कनेक्टिकटच्या शेती संशोधन केंद्रातले डोनाल्ड जोन्स यांनी 1920 मध्ये अशा सदोष दाण्यांवर लेख लिहिला. संकरित मका शेतकऱ्याला परवडण्याजोगा करणारी दुहेरी संकराची युक्ती याच गृहस्थांची. त्यांचे सहकारी पॉल मँगल्सडॉर्फ यांनी 1926 पर्यंत दाखवून दिलं की दिसायला सारखे असणारे हे दोष अनेक वेगवेगळ्या जनुकांमुळे होतात. पुढे मँगल्सडॉर्फ मक्याच्या उगमाच्या वादात शिरले आणि त्याचसाठी ओळखले गेले. पोचट दाणे मागे पडले.

मक्याचं आनुवंशशास्त्र म्हटलं की बार्बरा मॅक्लिंटॉक, त्यांची उड्या मारणारी जनुकं आणि 1983 चं नोबेल हे सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण मला इथे जेराल्ड न्यूफर यांच्याबद्दल सांगायचंय. क्ष-किरणांनी वनस्पतींत उत्परिवर्तनं घडवून दाखवणारे ल्युइस स्टॅडलर मिसूरी विद्यापीठातले. न्यूफर त्यांचे विद्यार्थी. रसायनाने उत्परिवर्तन घडवायचं तर पराग त्या द्रावणात बुडवायला हवा. पण मक्याचा पराग पाण्यात पडला की फुटतो. न्यूफर आणि त्यांचे सहकारी एडवर्ड को यांनी पाण्याऐवजी पॅराफिन तेल घेतलं. तेलात पराग शाबूत राहिला, रसायनाने आपलं काम केलं, आणि तो तेलकट पराग ब्रशने कणसाच्या केसांवर लावता आला. इतकी साधी गोष्ट! (प्रयोगशाळेत अडलं की स्वयंपाकघरासारखा विचार करावा, असं मला फार वेळा वाटतं.) या मार्गाने त्यांना सदोष दाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. विल्यम शेरिडन यांच्यासोबत त्यांनी 1980 मध्ये तो तपशीलवार मांडला, आणि त्यातली कणसं पुढच्या कितीतरी प्रयोगशाळांनी वापरली.

थोरला की धाकटा, हे त्यांनी कसं ठरवलं ते तर खास आहे. मक्यात ‘बी’ नावाची फालतू गुणसूत्रं असतात; असली काय, नसली काय, ताटाचं अडत नाही. पण पराग तयार होताना शेवटच्या विभाजनात ती नीट वाटली जात नाहीत. पुष्कळदा एका पुंयुग्मकाला दोन्ही प्रती मिळतात, दुसऱ्याला एकही नाही. हर्शेल रोमन यांनी 1947 मध्ये दाखवलं की नेहमीच्या गुणसूत्राचा तुकडा या ‘बी’ला जोडला, तर तोही असाच एका भावाच्या पदरात पडतो. मग काय, हवं तसं घर मांडता येतं: थोरल्याला बापाकडून चांगलं जनुक, धाकट्याला नाही, किंवा नेमकं उलटं. आई तीच, साल तीच. काही दोषांत निरोगी थोरला असूनही धाकटा वाढेना, म्हणजे रोग धाकट्याचा स्वतःचा. काहींत धाकटा ठणठणीत, थोरला मात्र रिकामा. शेरिडन यांनी तर सदोष दाण्यांतले कोवळे भ्रूण काढून पोषक द्रव्यांवर वाढवून पाहिले, आणि त्यांतल्या काहींची रोपं झाली.

नंतर एकेक जनुक सापडत गेलं. ‘मिनिएचर’ नावाच्या दोषात दाणा नेहमीच्या साधारण पाचव्या हिश्शाचा राहतो. 1996 मध्ये प्रेम चौरे यांच्या गटाने दाखवलं की त्यात दाण्याच्या बुडाशी साखर फोडणारं विकर नसतं. पानांतून साखर येते, पण उंबरठ्यावर ती उतरवून घ्यायला कोणी नाही. गंमत अशी की हा एवढासा दाणा उगवतो. दुसऱ्या एका दोषात भ्रूणपोषाचा सगळ्यांत बाहेरचा थरच तयार होत नाही.

इथे थोडी कुरकूर करतो. ‘दाण्याचा आकार ठरवणारं नवं जनुक सापडलं’ अशा बातम्या अधूनमधून येतात. अशी अनेक जनुकं निघतात ती पेशीतल्या तंतुकणिकांच्या संदेशांची दुरुस्ती करणारी. तंतुकणिका बिघडल्या, ऊर्जा आटली, दाणा भरला नाही. गिरणीचा पट्टा तुटला की पीठ पडत नाही हे खरं, पण दोन पट्टे लावून दुप्पट पीठ पडतं का?

आणि कधीकधी दोष हाच माल ठरतो. 1950 च्या सुमारास इलिनॉयमध्ये जॉन लॉफनन दाण्याच्या रंगाच्या एका जनुकाचा अभ्यास करत होते. त्याला खेटूनच दाणा सुरकुतवणारं दुसरं जनुक होतं. ते दाणे त्यांनी तोंडात टाकून पाहिले आणि गोड लागले, अशी गोष्ट सांगतात. साखरेचा स्टार्च करणारं एक विकर त्यात लुळं असतं. 1953 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज ‘अमेरिकन स्वीटकॉर्न’ म्हणून वाफवून लोणी-मसाला लावून मिळतात त्यांतले पुष्कळ दाणे याच दोषाचे वारस. ज्यांनी हे बियाणं पेरलंय त्यांना सुरकुतलेलं, हलकं बी ओळखीचं असेल. शेजारच्या साध्या मक्याचा पराग त्यावर आला तर त्याच हंगामात दाणा पिठूळ होतो, कारण थोरल्यात बापाचाही वाटा असतो. (मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणासुद्धा असाच स्टार्चच्या विकराचा बिघाड. 1990 मध्ये कळलं की त्या जनुकात जो तुकडा घुसलाय, तो मॅक्लिंटॉक यांच्या उड्या मारणाऱ्या जनुकांच्याच जातकुळीतला आहे.)

आता वाचकांच्या कणसाकडे. उघड्या शेतात पराग चहूकडून येतो, त्यामुळे दोष आनुवंशिक असला तरी पोचट दाणे चौथ्या हिश्शाहून बरेच कमी असू शकतात. पण ते कणीस बियाण्याला ठेवू नये, त्यातले निवडक टपोरे दाणेसुद्धा. स्वतःच्या परागावर भरलेल्या कणसात चांगल्या दिसणाऱ्या दर तीन दाण्यांतले दोन तो दोष गुपचूप बाळगून असतात, आणि टपोरेपणावरून ते ओळखता येत नाहीत. पुढच्या वेळी दाणे काढण्याआधी ओळीओळीने मोजा. एकदा पोत्यात पडले की कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं, हे कळायचा मार्ग उरत नाही.